शहरी वाहतुकीवर विद्यापीठांत होणाऱ्या संशोधनाचा रस्त्यावर खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले आहेत. मुलीला वाहतूक अभियांत्रिकीत एम.टेक.ला प्रवेश मिळतोय आणि नातेवाईक म्हणताहेत, "ट्रॅफिकमध्ये काय ठेवलंय, स्ट्रक्चर्स घे" (म्हणजे इमारती-पुलांची अभियांत्रिकी). शिवाय तुम्ही स्वतः वीस वर्षं बसनं कामावर जाताय, या वीस वर्षांत बस सुधारलेली तुम्हाला दिसली नाही, मग हे प्राध्यापक लोक पेपर छापण्यापलीकडे करतात काय, असं तुमचं म्हणणं. मी याच विषयात एम.टेक. केलं आणि तेव्हापासून बसच्या वेळापत्रकांचंच काम करतेय, म्हणून लिहिते.

उपयोग होतो. पण तो कसा होतो आणि कुठे अडतो, हे सांगायला मला एका बसस्टॉपपासून सुरुवात करावी लागेल.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मी एका स्टॉपवर रोज संध्याकाळी पाच ते आठ बसायचे. मांडीवर पॅड, हातात स्टॉपवॉच. बस आली की वेळ लिहायची, थांबल्यापासून हलेपर्यंत किती सेकंद गेले ते लिहायचं, चढले किती, उतरले किती. शहराचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठेही घडलं असतं. शेजारी एक मावशी असायच्या, चार घरची कामं आटोपून घरी निघालेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय गं पोरी, बसवाल्यांकडून आलीस का?"

"नाही मावशी, कॉलेजातून. बस कधी येते ते लिहून घेतेय."

"मग लिही, अर्धा तास येत नाही नि आली की तीन एकदम येतात. त्यात शिकायचं काय आहे?"

त्यात शिकायचं पुष्कळ होतं. मावशी जे एका वाक्यात बोलल्या, त्याचं गणित न्यूवेल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ मध्येच मांडून ठेवलं आहे. दर दहा मिनिटांनी बस सुटते असं समजा. पहिली बस एका सिग्नलला अडकली, दोन मिनिटं उशीर झाला. पुढच्या स्टॉपवर आता दहाऐवजी बारा मिनिटांची माणसं जमलेली असतात. ती चढायला जास्त वेळ लागतो, उशीर वाढतो, त्यापुढच्या स्टॉपवर आणखी माणसं. मागून येणाऱ्या बसला मात्र आठच मिनिटांची गर्दी मिळते. ती पटापट सुटते आणि पुढचीला गाठते. आता पुढची खचाखच, मागची रिकामी. कंडक्टर ओरडतो, "मागची रिकामी आहे, मागचीत या!" आणि कुणी ऐकत नाही, कारण मागची खरंच येईल यावर वीस वर्षांच्या अनुभवानं कुणाचा विश्वास उरलेला नसतो. दोन्ही ड्रायव्हर आपापलं काम नीट करत असले तरी हे होतं. आपण "मुद्दाम एकत्र चालवतात, गप्पा मारत थांबतात" असं जे म्हणतो, ते बहुतेक वेळा त्या माणसांवर अन्याय करणारं असतं. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी एकामागे एक सारख्या अंतरानं फिरवून पाहिल्या होत्या (त्यांचा लेख २००८ चा). ना सिग्नल, ना अपघात, तरी थोड्या वेळात कोंडी आपोआप तयार झाली आणि लाटेसारखी मागे मागे सरकत राहिली. बसचंही असंच आहे: दोघींमधलं सारखं अंतर मुळात टिकाऊ नसतं, ते कुणीतरी सतत सांभाळावं लागतं.

माझ्या पॅडवरचा एक तास अजून माझ्याकडे आहे. सहा बस आल्या. दोन बसमधली अंतरं मिनिटांत अशी: १८, १, १, २२, ३, १५. बेरीज ६०. साठ मिनिटांत सहा बस, म्हणजे सरासरी दहा मिनिटांना एक. कागदावर तक्रारीला जागा नाही, कारण फलकावरही "दर १० मिनिटांनी" असंच लिहिलेलं होतं. पण स्टॉपवर येणारा माणूस कधीही येतो. साठपैकी पंचावन्न मिनिटं ही १८, २२ आणि १५ या तीन मोठ्या खिंडारांची आहेत, म्हणून बहुतेक सगळे त्या खिंडारांतच येऊन उभे राहणार. अंतरं सारखी असती तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागलं असतं. या तासाला ते ८.७ मिनिटं पडलं. बस तेवढ्याच, ड्रायव्हर तेवढेच, डिझेल तेवढंच, आणि मावशींचं थांबणं मात्र जवळजवळ पाऊणपट जास्त.

मला तेव्हा जे कळलं, त्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. संशोधनाचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे काय मोजायचं हे ते बदलून देतं. डेपो फेऱ्या मोजतो: किती सुटल्या, किती रद्द, किती किलोमीटर. मावशी थांबणं मोजतात. डेपोच्या रजिस्टरमध्ये मावशींचं थांबणं लिहायला रकानाच नसतो.

लंडनमध्ये हा रकाना आहे. तिथे बस चालवतात खाजगी कंपन्या, पण वारंवार बस असलेल्या मार्गांवर त्यांचा बोनस किंवा दंड ठरतो तो प्रवाशाला ठरल्यापेक्षा सरासरी किती जास्त थांबावं लागलं यावरून. वेळापत्रकातल्या मिनिटाला बस आली की नाही, हे त्या मार्गांवर दुय्यम. वर मी केला तोच हिशेब, फक्त करारात उतरलेला.

मग मोजल्यावर करायचं काय? अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया टेकमधले बार्थोल्डी आणि त्यांचे शिकागो विद्यापीठातले सहकारी आयझेनस्टाइन यांनी २०१२ मध्ये जे छापलं, ते मला आजही फार देखणं वाटतं. त्यांनी वेळापत्रक बाजूलाच ठेवलं. टर्मिनसवर आलेल्या बसनं घड्याळ बघायचं नाही. मागची बस किती लांब आहे ते बघायचं आणि त्या अंतराच्या एका ठरावीक हिश्शाएवढं थांबून सुटायचं. मागची लांब असेल तर जास्त थांबा, जवळ असेल तर लगेच निघा. एवढा एक नियम सगळ्यांनी पाळला की काही फेऱ्यांत अंतरं आपोआप सारखी होतात. एखादी बस बंद पडली, तरी उरलेल्या पुन्हा आपसांत सारख्या पसरतात, वरून कुणी हुकूम द्यावा लागत नाही. त्यांनी हे अटलांटातल्या एका चालू बसमार्गावर करून दाखवलं.

हाच विचार मी नोकरीत एका डेपोत करून बघायचा प्रयत्न केला. डेपोचं नाव नको. एक मार्ग घेतला आणि कंट्रोलरला सांगितलं की गाडी घड्याळावर सोडू नका, अंतरावर सोडा. कंट्रोलर हुशार होते, त्यांना दोन दिवसांत जमलं. मोठी खिंडारं खरंच कमी झाली. पण थांबवून सोडलेली प्रत्येक फेरी रजिस्टरात "लेट" लागायची. लेट फेऱ्या वाढल्या म्हणून ड्रायव्हरांना विचारणा सुरू झाली, शेवटची फेरी लांबली की ड्यूटी लांबायची आणि ओव्हरटाइमला मंजुरी नव्हती. एका ड्रायव्हरदादांनी मला फार शांतपणे सांगितलं, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण मेमो मला मिळतो." तिसऱ्या आठवड्यात मी ते थांबवलं. दोष त्या दादांचा नव्हता आणि कंट्रोलरचाही नव्हता. आधी रकाना बदलायला हवा होता आणि मी तो न बदलता नियम बदलायला गेले. तुमच्या मुलीला हे पहिल्याच वर्षी कुणी सांगितलं तर तिची बरीच वर्षं वाचतील.

आता भारतातलं. आपल्याकडे पूर्वी पुस्तकं अमेरिकेतली वापरायचे. तिथे लेन पाळतात, म्हणून एका लेनमधून तासाला किती मोटारी जातील यावर सगळं बेतलेलं. आपल्या रस्त्यावर दुचाकी, रिक्षा, टेम्पो, बस, हातगाडी सगळं एकाच फटीतून वाट काढतं. त्याचं मोजमाप आपलं आपल्यालाच करावं लागलं. सीआरआरआय, म्हणजे दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, हिच्या पुढाकारानं आयआयटी रुरकी, आयआयटी मुंबई, आयआयटी गुवाहाटी, सुरतचं एसव्हीएनआयटी, चेन्नईचं अण्णा विद्यापीठ अशा संस्थांनी देशभरातले रस्ते आणि चौक चित्रित करून, वाहनं मोजून "इंडो-एचसीएम" नावाची नियमपुस्तिका २०१७ मध्ये तयार केली. पुलावर कॅमेरा लावून तासन्‌तास चित्रण करायचं आणि मग खोलीत बसून एकेक वाहन मोजायचं, हे काम विद्यार्थ्यांनी केलं. कंटाळवाणं, डोळे दुखवणारं काम. पण आज एखादा सल्लागार आपल्याकडच्या चौकाची क्षमता काढतो तेव्हा त्याच्यासमोर आपल्या रस्त्यांचे आकडे असतात, हे त्या पोरापोरींमुळे.

तरी या वाहन-मोजणीतही एक खोट राहते आणि ती मला कायम टोचते. प्रत्येक वाहनाचं मोटारीत रूपांतर करतात, पॅसेंजर कार युनिट म्हणतात त्याला. दुचाकी म्हणजे अर्धी मोटार, बस म्हणजे दोन-तीन मोटारी, असं काहीसं. या हिशेबात बस ही अडचण ठरते, कारण ती जागा जास्त खाते. बसमध्ये पन्नास माणसं आहेत, तीन मोटारींत मिळून चार-पाच, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही.

दिल्लीत नेमकं याच आकड्यावरून भांडण झालं. आयआयटी दिल्लीत प्रा. दिनेश मोहन आणि प्रा. गीतम तिवारी यांच्या गटानं वर्षानुवर्षं रस्त्यावरच्या माणसांचा अभ्यास केला होता: पायी चालणारे, सायकलवाले, बसवाले, अपघातात मरणारे. त्यांच्या आराखड्यावर २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा बसमार्ग सुरू झाला. मधोमध बसची लेन, कडेला सायकलची वाट आणि पदपथ. मोटारवाल्यांच्या रांगा लांबल्या आणि गदारोळ उठला. बसच्या लेनमध्ये मोटारींना सोडा, अशी मागणी घेऊन लोक उच्च न्यायालयात गेले. २०१२ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. पण पुढे सरकारनं तो मार्गच काढून टाकायचं ठरवलं आणि २०१६ मध्ये तो उखडला गेला. दिनेश मोहन २०२१ मध्ये कोविडनं गेले. रस्त्यावरचा पायी माणूस मोजला पाहिजे, हे आपल्या देशात त्यांच्याइतकं सातत्यानं क्वचितच कुणी सांगितलं असेल.

आराखड्यात त्रुटी नव्हत्या असं मी म्हणणार नाही. त्या लेनमध्ये कुठलीही बस येऊ शकत होती, त्यामुळे चौकाजवळच्या थांब्यांवर बसच्याच रांगा लागायच्या. मूळ बेत दिल्ली गेटपर्यंतचा, साडेचौदा किलोमीटरचा होता, त्यातला तुकडाच धड झाला. तुकड्यावर वाचलेला वेळ पुढच्या कोंडीत जातो, मग मोटार सोडून बसमध्ये कोण येईल? आपल्याकडे पुण्यात तर डिसेंबर २००६ मध्येच कात्रज-स्वारगेट रस्त्यावर देशातला पहिला असा प्रयोग झाला होता, तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना हे सगळं ऐकीव नाही, अनुभवलेलं आहे.

अहमदाबादनं वेगळ्या पद्धतीनं केलं. तिथल्या सेप्ट विद्यापीठानं आराखडा केला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये "जनमार्ग" सुरू झाला. ठरावीक बसच त्या लेनमध्ये, तिकीट स्थानकातच काढायचं, फलाटाची उंची बसच्या जमिनीएवढी. या शेवटच्या दोन गोष्टी दिसायला किरकोळ, पण माझ्या पॅडवरच्या सेकंदांशी त्यांचा थेट संबंध आहे. स्टॉपवर बस रेंगाळते ती दोन-तीन उंच पायऱ्या चढणाऱ्या म्हातारीमुळे, कडेवर मूल घेतलेल्या बाईमुळे, दारात सुट्ट्या पैशांवरून अडलेल्या माणसामुळे. पायऱ्या काढा, तिकीट आधीच द्या, दारं रुंद करा, की रेंगाळणं कमी होतं आणि बस एकमेकींना चिकटण्याचं मूळच कापलं जातं. त्या म्हातारीला सन्मानानं चढता येतं ते वेगळंच. जनमार्गातही पुढे अडचणी आल्या, कोणत्याही व्यवस्थेत येतात. पण विद्यापीठ आणि महापालिका वर्षानुवर्षं एका टेबलावर बसली की काय होतं, हे तिथे दिसलं.

मोटारींवर शुल्क हा विषय इथे मोठा करत नाही. एवढंच सांगते की न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री १९५०च्या दशकापासून गर्दीच्या वेळी रस्त्याचे पैसे घ्या म्हणत होते. लोकांना ते विक्षिप्त वाटलं. २००६ मध्ये स्टॉकहोमनं सात महिने खरोखर करून पाहिलं, शहराच्या सीमेवरून आत-बाहेर जाणारी वाहनं सुमारे २० टक्के कमी झाली आणि प्रयोगानंतर घेतलेल्या मतदानात शहरातल्या लोकांनी ते ठेवायच्या बाजूनं कौल दिला. आधी विरोध, मग अनुभव, मग होकार. विक्रींना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते गेले. स्टॉकहोम त्यांनी पाहिलं नाही.

तुमच्या मुलीसाठी सगळ्यात आशेची जागा मला माहितीच्या साठ्यात दिसते. लंडनमध्ये बसमध्ये चढताना कार्ड टेकवतात, उतरताना नाही. मग माणूस उतरला कुठे? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी लंडनच्या वाहतूक खात्याबरोबर काम करून ते शोधून काढलं: त्याच कार्डाची पुढची नोंद जिथे झाली, त्याच्या जवळच्या स्टॉपवर तो उतरला असणार. अशा लाखो नोंदी जोडल्या की कोण कुठून कुठे जातं याचं चित्र उभं राहतं. आपल्याकडे तर कंडक्टरच्या तिकीट मशीनमध्ये कुठल्या टप्प्यापासून कुठल्या टप्प्यापर्यंत हे प्रत्येक तिकिटावर आधीच असतं! पासवाले त्यात येत नाहीत, तेवढी उणीव. ही माहिती रोज रात्री डेपोत उतरवून घेतात, रोकड जुळवतात आणि बहुतेक ठिकाणी पुढे काहीच करत नाहीत. माझा जीव तुटतो ते बघून. दिल्लीत २०१८ मध्ये आयआयआयटी दिल्लीच्या मदतीनं बस या क्षणी कुठे आहेत ही माहिती सगळ्यांसाठी खुली केली गेली, कुणीही विद्यार्थी ती घेऊन अभ्यास करू शकतो. प्रत्येक शहरात हे झालं पाहिजे. पैसेही फार लागत नाहीत, फक्त द्यायची तयारी लागते.

म्हणून प्रवेश घ्यायचा की नाही? घ्या, पण विभागात जाऊन आधी विचारा की इथले मार्गदर्शक शेवटचे डेपोत कधी गेले होते. शहराच्या बससेवेशी किंवा महापालिकेशी माहितीचा काही करार आहे का, मागच्या तुकडीच्या मुलांनी मोजणी कुठे केली, तेही विचारा. नुसती संगणकावरची प्रतिरूपं चालवून पदवी मिळते, पण मग तुमची शंका खरी ठरते. काम उन्हातलं आहे. स्टॉपवर बसलेल्या मुलीकडे लोक टक लावून बघतात, कुणी नको ते प्रश्नही विचारतं. जोडीला कुणीतरी हवंच, आणि ही जबाबदारी विभागानं घ्यावी हे हक्कानं सांगा. नोकऱ्या आहेत, मेट्रोंमुळे पूर्वीपेक्षा बऱ्याच जास्त. स्ट्रक्चर्सवाल्या भावंडांइतकाच पगार सुरुवातीला मिळेल अशी खात्री मात्र मी देणार नाही.

आणि निर्णय घेण्याआधी एक करा. तुम्ही दोघं मिळून, तुम्ही ज्या स्टॉपवरून घरी येता तिथे, संध्याकाळी दोन तास बसा. तुमच्या मार्गाची बस आली की वेळ लिहा. मग दोन बसमधली अंतरं काढा, प्रत्येकाचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा आणि तिला सगळ्या अंतरांच्या बेरजेच्या दुपटीनं भागा. येईल ते तुमचं सरासरी थांबणं. फलकावर जे अंतर लिहिलंय त्याच्या निम्म्याशी ते ताडून बघा. मुलीला पुढे काय करावंसं वाटतंय ते तिथेच तिच्या चेहऱ्यावर दिसेल. आकडे मला जरूर कळवा, आणि वार लिहायला विसरू नका, कारण शुक्रवारची संध्याकाळ आणि मंगळवारची संध्याकाळ फार वेगळी असते.